वाचकांचे प्रश्न : राखलेल्या रानातली ओळखपरेड

दोन-चार एकरांपासून पन्नासेक एकरांपर्यंतची स्वतःची जमीन कुऱ्हाड, गुरे आणि वणव्यापासून राखून ठेवणारे वाचक आता कोकणात, मावळ-मुळशीकडे, गोव्यात सत्तरीच्या बाजूला बरेच झाले आहेत. त्यांच्या पत्रांतली अडचण बहुतेक वेळा एकच असते: जीव भरपूर दिसतात, पण नाव ठरत नाही. नाव ठरायला पुरावा लागतो आणि पुरावा नेमका कुठल्या अवयवात, झाडात किंवा वेळेत दडलेला असतो हे माहीत असावे लागते. या वेळी तेच प्रश्न घेतले आहेत.

आमच्या आगरात लाल ठिपक्यांची, शेपटीवाली काळी फुलपाखरे खूप येतात. एका मित्राने फोटो पाहून काही ‘कॉमन रोझ’ आणि काही ‘कॉमन मॉर्मनची मादी’ असल्याचे सांगितले. आम्हाला तर सगळी एकच वाटतात.
— एक वाचक, गुहागर

पंख सोडा, अंग बघा. कॉमन रोझचे डोके, छातीच्या बाजू आणि पोटाचे टोक ठळक लाल असते. मॉर्मनच्या मादीचे अंग काळे. फुलावर बसलेल्या फुलपाखराचा फोटो आपण वरून काढतो, पंखांची नक्षी सुरेख येते आणि नेमके पोट झाकले जाते. म्हणून एक फोटो बाजूने, पोट दिसेल असा काढाच. धूसर आला तरी चालेल, लाल की काळे एवढेच तर बघायचे आहे.

हे सोंग कशासाठी, तेही सांगतो. रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर, म्हणजे सापसंदावर वाढते. त्या वेलीतली विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. मॉर्मनची अळी लिंबू, कढीपत्ता, बेल खाऊन वाढते, तिच्यात असले काही नसते. तिची मादी रोझचा वेश घेऊन वाचते. मॉर्मनच्या माद्या तीन रूपांत मिळतात: एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी आणि एक क्रिमझन रोझसारखी. तिसऱ्या रूपात लोक सर्वांत जास्त फसतात. खऱ्या क्रिमझन रोझच्या पुढच्या पंखांवर दोन स्वच्छ पांढरे पट्टे आणि अंग लालभडक असते. नकलेत पट्टे मळकट आणि अंग काळेच.

झाडावरूनही उलगडा होतो. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पोट वाकवून अंडे घालत असेल तर ती मॉर्मन. ईश्वरीच्या वेलीवर घुटमळत असेल तर रोझ. 

असेच दुसरे जोडपे तुमच्याकडे नक्की असेल. रुईवर अळी असणारे नारिंगी प्लेन टायगर आणि त्याची नक्कल करणारी डॅनॅइड एगफ्लायची मादी. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. मधला भाग कोरा आणि वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर एगफ्लाय. तिची अळी अंगणातल्या घोळाच्या भाजीवर सापडते. नराचे मादीशी काहीच साम्य नाही, तो काळा आणि त्यावर जांभळी झाक असलेले पांढरे मोठे ठिपके.

पतंग बघण्यासाठी पांढरी चादर आणि घरातला एलईडी बल्ब लावला. चार-पाच पाखरे आली, बाकी नुसते चिलट. काय चुकले?
— एक वाचक, आजरा

बल्ब चुकला. घरगुती एलईडीत अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो आणि पतंगांना ओढतो तो प्रामुख्याने तोच. जुने अभ्यासक 160 वॉटचा मर्क्युरी ब्लेंडेड बल्ब वापरतात. त्याला वेगळा चोक लागत नाही, साध्या होल्डरमध्ये बसतो. आता तो शोधावा लागतो, पण मिळतो. दुसरा पर्याय म्हणजे 365 ते 395 नॅनोमीटरची यूव्ही (म्हणजे अतिनील) एलईडी पट्टी किंवा ट्यूब. पॉवर बँकेवर चालणारी घेतली तर वायरी ओढत रानात जावे लागत नाही आणि पावसात शॉकची भीती राहत नाही.

मांडणी अशी. साधारण सहा फूट बाय पाच फूट पांढरे सुती कापड दोन झाडांमध्ये ताणून बांधा. सुतीच, कारण गुळगुळीत पॉलिस्टरवर पाय धरत नाहीत. खालची कड जमिनीवर फूट-दीड फूट पसरू द्या. भुंगेरे कापडाला धडकून खाली पडतात आणि गवतात पडले की गेले. बल्ब कापडापासून फूटभर पुढे, छातीच्या उंचीवर टांगा. मर्क्युरी बल्ब भाजेल इतका तापतो, कापडाला टेकला तर कापड जळते आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर काच फुटते. वर पत्र्याचा तुकडा किंवा छत्री हवीच. लाइट गेली आणि आली, तर हा बल्ब लगेच पेटत नाही. थंड व्हायला काही मिनिटे घेतो. बिघडला समजून हात लावू नका. वीज घरातून घेणार असाल तर त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असू द्या.

दिवा जमिनीवर ठेवून वर रोखू नका. उडताना पाठ उजेडाकडे ठेवण्याची कीटकांची उपजत सवय असते, एरवी उजेड म्हणजे आकाश. 2024 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी हेच टिपले: दिवा खाली असेल तर कीटक उडताना उलटे होतात आणि कोसळतात. जमिनीवरच्या दिव्याभोवती पाखरांचा जो सडा पडतो तो त्यामुळे.

रात्र निवडताना अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा दिवस घ्या. दमट, ढगाळ, वारा पडलेली रात्र सर्वांत चांगली. थंड, स्वच्छ, चांदण्याची रात्र वाया जाते. सात ते दहा या वेळात लहान पतंग भरपूर येतात. चंद्र पतंग आणि अ‍ॅटलास यांसारखे मोठे मात्र बरेचदा मध्यरात्र उलटल्यावर येतात, त्यामुळे साडेनऊला चादर गुंडाळणाऱ्याला ते भेटत नाहीत.

दोन पथ्ये पाळा. उजाडण्याआधी दिवा बंद करून कापड हलकेच झटका, पतंग झाडीत सोडा. तसेच ठेवले तर कोतवाल, दयाळ आणि बुलबुल दोन दिवसांत जागा हेरतात आणि पहाटे पंगत मांडतात. आणि रोज एकाच ठिकाणी दिवा लावू नका. दिव्याशी अडकलेला पतंग त्या रात्री ना जोडीदार शोधत, ना अंडी घालत. महिन्यातून दोन-तीन रात्री पुरेत.

दिव्यावर मुंगीसारखा सडपातळ, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, आखूड पंखांचा एक भुंगेरा येतो. मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

मोबाइलच्या अ‍ॅपने आमच्या बागेतल्या एका कोळ्याचे चक्क जातीपर्यंत नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच कोळ्याचे वेगळे नाव! अ‍ॅपवर भरवसा ठेवावा का?
— एक वाचक, चिपळूण

अ‍ॅप फोटोशी फोटो जुळवते आणि त्या भागात आधी काय नोंदले गेले आहे ते बघते. फुलपाखरे, चतुर, पक्षी यांत ते बरेच बरोबर येते, कारण त्यांच्या नोंदी लाखांनी आहेत. कोळी, लहान भुंगेरे, माश्या यांत मात्र जवळात जवळचे नाव चिकटवते. कित्येक कोळ्यांची जात तर प्रौढ कोळ्याचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरते, पिल्लू असेल तर तेही नाही. तिथे कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) थांबणे हेच बरोबर उत्तर आहे. नोंदवहीत ‘उडी मारणारा कोळी, जात अनिश्चित’ असे लिहिलेले आम्हाला खोट्या लॅटिन नावापेक्षा कधीही चालेल.

उपयोगाचा प्रश्न असा, की फोटो कशाचा काढायचा.

कोळ्याचे तीन फोटो: वरून, समोरून डोळ्यांचा आणि जमल्यास खालून. डोळ्यांच्या मांडणीवर कूळ बहुधा ठरते. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असतील तर उडी मारणारा कोळी. खाली चार बारीक डोळ्यांची रांग, वर दोन मोठे आणि मागे आणखी दोन असतील तर लांडगा कोळी. जाळे असेल तर त्याचाही फोटो घ्या. गोल, चादरीसारखे की नरसाळ्यासारखे, यावर अर्धे काम होते. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या ओंबिलांमध्ये एखादी मुंगी आठ पायांची दिसली तर चकित होऊ नका, तो मुंगीचे सोंग घेतलेला उडी मारणारा कोळीच. त्याचे पुढचे दोन पाय स्पृशांसारखे वर धरलेले असतात.

भुंगेरा की ढेकूण, यात फार लोक घोळ करतात. पाठीवर मधोमध सरळ रेघ असेल आणि दोन कवचे एकमेकांना भिडलेली असतील तर भुंगेरा. पंख एकमेकांवर चढून पाठीवर फुलीसारखी आकृती आणि मध्ये त्रिकोण दिसत असेल तर तो ढेकणांच्या गणातला. उलटा करून बघितला तर छातीखाली दुमडलेली सोंड सापडते. मधमाशी वाटलेल्या माशीचे पंख मोजा. एकच जोडी, आखूड स्पृशा आणि डोकेभर डोळे असतील तर ती सिरफिड माशी. नाकतोड्याच्या स्पृशा अंगापेक्षा लांब आहेत की आखूड, हे दिसायला हवे. लांब असतील तर तो रातकिड्यांच्या बाजूचा. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) यांच्यासाठी वरून काढलेला फोटो पुरत नाही. छातीची बाजू आणि शेपटीच्या टोकाचे चिमटे स्पष्ट आले तरच पुढे जाता येते.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, कोणत्या झाडावर आणि काय करत होता, हे लिहा. झाडाचे नाव माहीत नसेल तर पानाचा फोटो घ्या. किती मोठा हे कळावे म्हणून एका फोटोत बोट किंवा पट्टी असू द्या.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकलेली नोंद जाणकार तपासतात, त्यामुळे अ‍ॅपचे पहिले उत्तर लावून मोकळे होऊ नका. खवले मांजर, टॅरँट्युला, दुर्मिळ ऑर्किड यांची जागा मात्र ‘ऑब्स्क्युअर्ड’ करून ठेवा. तसे केल्यावर नकाशात ठिकाण सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दाखवले जाते. चोरशिकारी आणि छंदाचा व्यापार करणारेही हेच नकाशे वाचतात.

रात्री रानात विंचू किती आहेत ते मोजायचे आहे. यूव्ही टॉर्चने ते चमकतात म्हणे. कोणती टॉर्च घ्यावी?
— एक वाचक, महाड

365 नॅनोमीटरची घ्या. स्वस्त टॉर्च 395 ची असते, तिचा जांभळा उजेडच इतका दिसतो की विंचवाची हिरवट-निळी चमक त्यात बुडते. काळोख्या रात्री दगडी बांध, जुन्या भिंती, झाडांच्या साली यांवरून सावकाश उजेड फिरवा. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. नवे कवच कडक होईपर्यंत चमक येत नाही. म्हणून संख्या नेहमी थोडी कमीच धरा. सापडलेल्या विंचवावर उजेड रोखून ठेवू नका, एक फोटो घेऊन पुढे व्हा. दुसऱ्या हातात साधी टॉर्च हवीच, कारण यूव्ही उजेडात फुरसे दिसत नाही. गमबूट घाला, दगड उचलायचा तर आपल्याकडची कड खाली ठेवून पलीकडची उचला आणि होता तसा परत ठेवा.

महाडचे आहात म्हणून जास्त लिहितो. मोठी काळी, जाड नांग्यांची इंगळी भयंकर दिसते, पण तिचे विष तुलनेने सौम्य. बारीक नांग्या आणि जाड शेपटीचा तांबूस विंचू, म्हणजे लाल विंचू, खरा घातक. तो चावल्यावर दरदरून घाम, थंडगार हातपाय, उलट्या ही लक्षणे दिसली की हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम सुरू झालेला असतो. तुमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आले. झाडपाला, बर्फ, मंत्र यांत अर्धा तासही घालवू नका. रात्री फिरायला निघण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते औषध आहे का, हे विचारून ठेवा.

त्याच फेरीत एक फुकटची गंमत करता येते. साधी टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावरून फिरवा. हिरवट ठिणग्या चमकतात त्या लांडगा कोळ्यांच्या डोळ्यांच्या. दवाचे थेंबही चमकतात, पण डोके हलवले की त्यांचा रंग बदलतो. कोळ्याची ठिणगी तशीच राहते.

पाणवठ्याजवळ ट्रॅप कॅमेरा लावला. पंधरा दिवसांत हजारो फोटो, त्यात निम्म्याहून जास्त नुसते गवत. जे प्राणी आले त्यांची शेपटी तेवढी दिसते.
— एक वाचक, पुणे (जमीन वेल्ह्यात)

कॅमेऱ्याचा सेन्सर उष्णता आणि हालचाल एकत्र टिपतो. उन्हात तापलेले गवत किंवा पान वाऱ्याने हलले की त्याला ते जनावरच वाटते. कॅमेऱ्यासमोरचे चार-पाच मीटरपर्यंतचे गवत आणि लोंबत्या फांद्या काढून टाका. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवला तर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट भिंगात येतो. बारीक खोडाला बांधू नका, वाऱ्यात खोडच डुलते.

शेपट्या येण्याचे कारण कोन. वाटेला काटकोनात लावलेला कॅमेरा जागा होईपर्यंत प्राणी चौकटीतून निघून गेलेला असतो. वाटेशी साधारण 45 अंशांचा कोन करून, वाटेपासून तीन ते पाच मीटरवर लावा. बिबट्या, भेकर, रानडुक्कर यांच्यासाठी उंची गुडघ्याएवढी, म्हणजे 40 ते 50 सेंटिमीटर. मुंगूस, उदमांजर, साळिंदर हवे असतील तर वीतभर खाली. लावून झाल्यावर स्वतः त्या वाटेने रांगत जा आणि काय टिपले ते बघा. लाजू नका, ही चाचणी न केलेले कॅमेरे महिनाभर आकाशाचे फोटो काढत बसतात.

एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीचे तापमान प्राण्याच्या अंगाएवढे झाले की सेन्सरला फरकच कळत नाही. त्या काळात दुपारचे फोटो नाहीत म्हणजे प्राणी नाहीत असे लिहू नका. सेल लिथियमचे घ्या, साधे अल्कलाइन सेल रात्रीच्या फ्लॅशवर लवकर बसतात. सेल बदलल्यावर तारीख-वेळ पुन्हा तपासा, कित्येक कॅमेऱ्यांत ती मूळपदावर जाते आणि मग सगळ्या नोंदी निकामी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पट्ट्याच्या फटीत मुंग्यांनी घर केले का ते बघा. बिबट्या तोच की दुसरा हे ठरवायचे असेल तर समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात.

आणि त्या पाणवठ्यावर गावातल्या बायका पाण्याला किंवा लाकडाला येत असतील तर कॅमेरा तिथून हलवा, किंवा आधी गावात सांगून ठेवा. माणसांचे फोटो आले तर पुसून टाका.

ओल्या मातीत ठसे दिसले. कुत्रा की बिबट्या?
— एक वाचक, संगमेश्वर

नखांच्या खुणा आहेत, बोटे दोन्ही बाजूंना सारखी आहेत आणि तळव्याची गादी त्रिकोणी आहे, तर कुत्रा. नखे नाहीत, ठसा गोलसर, बोटे किंचित एका अंगाला झुकलेली आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतील तर मांजरकुळातला. रुंदी सात-आठ सेंटिमीटरच्या घरात असेल तर बिबट्या, त्याहून बरीच कमी असेल तर रानमांजर. नखे आहेत पण पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असेल तर तरस. चिखलात ठसा पसरतो, म्हणून मोजमाप घट्ट ओलसर मातीतलेच घ्या. हमखास ठसे हवे असतील तर वाटेवर मीटरभर लांब-रुंद जागा खुरपून त्यावर चाळलेली माती बोटाच्या पेराएवढी पसरा आणि रोज सकाळी बघून पुन्हा सपाट करा.

आमच्या बारा एकरांवर ‘खासगी अभयारण्य’ अशी पाटी लावली तर चालेल का? आणि स्वतःच्याच जमिनीतले कीटक पकडून संग्रह करता येईल का?
— एक वाचक, सत्तरी, गोवा

पाटीने काही बिघडत नाही, पण कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अभयारण्य जाहीर करण्याचा अधिकार सरकारचा. खासगी मालकाला त्याच कायद्यात एक वाट आहे: 2002 च्या दुरुस्तीने आलेले कलम 36सी, कम्युनिटी रिझर्व्ह. व्यक्तीने किंवा समुदायाने स्वेच्छेने जमीन संवर्धनासाठी देऊ केली तर राज्य सरकार तशी घोषणा करू शकते. मात्र एकदा घोषणा झाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. घरात वाटण्या व्हायच्या असतील तर आधी त्या उरका, असा आमचा सल्ला. कर्नाटकात कोडगूमध्ये 1991 पासून उभे राहिलेले साई सँक्च्युअरी हे खासगी मालकीच्या राखलेल्या जंगलाचे आपल्याकडचे गाजलेले उदाहरण.

संग्रहाबद्दल सरळ उत्तर: नको. जमीन तुमची असली तरी कायद्याच्या अनुसूचीतले, म्हणजे संरक्षित यादीतले, वन्यजीव तुमचे नाहीत, आणि कायद्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणेही येते. 2022 च्या दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 2023 पासून अनुसूची बदलल्या आहेत, त्यात काही फुलपाखरेही आहेत, तेव्हा जुन्या याद्यांवर विसंबू नका. अभ्यासासाठी नमुना हवाच असेल तर वनखात्याची परवानगी घेतलेल्या संशोधन संस्थेला बोलवा.

राखण केल्यावर फुलपाखरे वाढली की नाहीत, हे खात्रीने कसे सांगता येईल?
— एक वाचक, वाई

आठवणीवरून सांगता येत नाही. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेली रीत लागते. इंग्लंडमध्ये 1976 पासून ज्या पद्धतीने फुलपाखरे मोजतात तीच इथे चालते. पाचशे मीटर ते एक किलोमीटरची वाट आखा आणि गवताळ, झाडी, ओढा असे तिचे तुकडे पाडा. डावीकडे-उजवीकडे अडीच मीटर, समोर पाच मीटर आणि वर पाच मीटर, एवढ्या कल्पित पेटीत जे दिसेल तेच मोजायचे. मागे गेलेले मोजायचे नाही, फोटोसाठी थांबलात तर मोजणीही थांबवायची. आठवड्यातून एकदा, सकाळी नऊ ते बारा, ऊन असताना. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर त्या दिवशी नको.

एक सापळा लक्षात ठेवा. पावसाळ्यानंतर खुळखुळा आणि भुरुंडीच्या वाळक्या फांद्यांवर टायगर, क्रो या फुलपाखरांचे थवे जमतात. ते मधासाठी नव्हे, त्या झाडांतली अल्कलॉइड द्रव्ये चोखायला. नरांना मादीसाठीचा गंध त्यातून मिळतो. एका झुडपापायी आकडा शेकड्याने फुगतो. तो तुकडा वेगळा मोजा. आणि संख्येपेक्षा यजमान झाडांची, म्हणजे अळ्या ज्यांवर वाढतात त्या झाडांची, यादी वाढली का, ते जास्त काही सांगते: ईश्वरी, बहावा, टाकळा, पानफुटी, सोनचाफा, शिवाय झाडांवरचे बांडगूळ. बांडगूळ सरसकट तोडाल तर हळदीकुंकू फुलपाखरू कमी होईल, त्याची अळी त्यावरच वाढते.

पावसाच्या तोंडावर पिवळसर चतुर शेकड्यांनी घिरट्या घालतात. कुठून येतात?
— एक वाचक, मालवण

बहुधा वाँडरिंग ग्लायडर. पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो, साचलेल्या डबक्यांत अंडी घालतो आणि डबके आटायच्या आत पिढी उरकतो. ऑक्टोबरात भारताकडून मालदीव ओलांडून आफ्रिकेकडे जाणारे त्याचे स्थलांतर चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले. तुमच्या किनाऱ्यावरून थवे कोणत्या दिशेने गेले, तारीख आणि वारा यांची नोंद ठेवा. बसताना फांदीला लोंबकळतो, मागचा पंख बुडाशी खूप रुंद असतो. डबकी बुजवू नका, डासांच्या अळ्या ह्याचीच पिल्ले खातात.

लिंबावरची अळी डब्यात पाळली. कोष झाला, पण फुलपाखराऐवजी माशी निघाली!
— एक वाचक, देवरुख

तुमचे काही चुकले नाही. झाडावरून आणलेली मोठी अळी बरेचदा आधीच बाधलेली असते. टॅकिनिड माशी अळीच्या अंगावर किंवा पानावर अंडी घालते, आत शिरलेली माशीची अळी यजमान अळीला खाऊन संपवते. कोषाला भोक पडून खाली बारीक धागा लोंबत असेल तर तीच. अळीच्या अंगावर तांदळाएवढ्या पांढऱ्या कोषांचा पुंजका दिसला तर ती गांधीलमाशीच्या गणातली ब्रॅकोनिड. कोणत्या अळीतून काय निघाले ही नोंद फुलपाखराच्या नोंदीइतकीच मोलाची आहे, फोटो काढून ठेवा.

बाधा टाळायची तर अंडे किंवा नुकती निघालेली अळी आणा. डब्याला झाकण नको, मलमलीचे फडके रबराने बांधा. बंद डब्यात घाम धरतो आणि अळी सडते. तळाला टिशू पेपर, रोज बदलायचा. डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करा आणि बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी असते. कोष होण्याआधी अळी भटकते, तेव्हा आत एक खडबडीत काडी तिरपी ठेवा. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख खाली लोंबू देण्याएवढी मोकळी जागा त्याला हवी. ती नसेल तर पंख चुरगळलेले राहतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. हे प्रयोग लिंबावरच्या नेहमीच्या अळ्यांपुरतेच ठेवा आणि जिथून आणली तिथेच सोडा.